मंदिर आणि राजसत्ता : ‘अधिमान्यता’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

आधुनिकपूर्व भारताच्या इतिहासलेखनात मंदिर आणि राजसत्ता यांच्या परस्परसंबंधाला गेल्या काही दशकांत मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. राजांनी मंदिरे बांधली ती केवळ भक्तीपोटी नव्हे, तर आपल्या सत्तेला अधिमान्यता मिळावी म्हणून, आणि शत्रूची मंदिरे लुटली किंवा पाडली तीही केवळ धर्मद्वेषापोटी नव्हे, तर शत्रूची अधिमान्यता नष्ट व्हावी म्हणून, अशी मांडणी आता पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. वसाहतकालीन आणि जमातवादी इतिहासलेखनाने केलेल्या सरळसोट धार्मिक अर्थनिर्णयनाला या मांडणीने प्रभावी उत्तर दिले, यात शंका नाही. परंतु एखादी संकल्पना सर्वच प्रश्नांचे उत्तर देऊ लागली की ती पुराव्याला प्रश्न विचारणे थांबवते. ‘अधिमान्यता’ या संकल्पनेच्या बाबतीत असे घडले आहे काय, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी दख्खन, तमिळ प्रदेश, ओरिसा आणि काश्मीर येथील काही निवडक साधनांचा आधार घेतला आहे.

अधिमान्यता सिद्धान्ताचे योगदान

या सिद्धान्ताची मांडणी एका अभ्यासकाने एकाच वेळी केलेली नाही. हर्मन कुल्के यांनी पुरीच्या जगन्नाथ संप्रदायाच्या आणि गजपती राजवटीच्या अभ्यासातून (१९७९) प्रादेशिक राज्यांची जडणघडण आणि देवतासंप्रदाय यांचा संबंध स्पष्ट केला. बर्टन स्टाइन यांनी चोळ राज्याचे वर्णन ‘खंडात्मक राज्य’ असे करताना (१९८०) राजाची प्रत्यक्ष प्रशासकीय सत्ता मर्यादित असून त्याचे विधिगत सार्वभौमत्व मात्र व्यापक होते, आणि मंदिर हे या सार्वभौमत्वाचे केंद्र होते, असे प्रतिपादन केले. रिचर्ड डेव्हिस यांनी (१९९७) विजेत्या राजांनी पळवून नेलेल्या मूर्तींचा अभ्यास करून, मूर्ती ही युद्धातील लुटीबरोबरच राजकीय वर्चस्वाची जाहीर खूण कशी बनत असे, ते दाखवले. रिचर्ड ईटन यांनी (२०००) इ. स. ११९२ ते १७२९ या काळातील मंदिरविध्वंसाच्या ऐंशी घटनांची यादी तयार करून, आघात मुख्यतः पराभूत राजाच्या सार्वभौमत्वाशी निगडित असलेल्या मंदिरांवर झाले, असा निष्कर्ष काढला.

या मांडणीला भक्कम पुराव्याचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. राजराज चोळाने (इ. स. ९८५–१०१४) तंजावर येथे उभारलेले राजराजेश्वर मंदिर त्याच्याच नावाने ओळखले जात होते. आपल्या पंचविसाव्या राज्यवर्षात, इ. स. १०१० मध्ये, त्याने शिखरावर बसवण्यासाठी तांब्याचा कलश अर्पण केला. या मंदिराला नेमून दिलेल्या गावांमध्ये जिंकलेल्या सिंहलद्वीपातील गावांचाही समावेश होता. राजधानीतील देवपूजा आणि समुद्रापलीकडील विजय यांची सांगड येथे थेट महसुलाच्या हिशेबात घातलेली दिसते. राजाधिराज चोळाने अकराव्या शतकाच्या मध्यास चालुक्यांची राजधानी कल्याणी जाळल्यावर तेथून आणलेल्या द्वारपालाच्या मूर्तीवर तशा आशयाचा तमिळ लेख कोरलेला आहे. कृष्णदेवरायाने उदयगिरीचा किल्ला घेतल्यानंतर तेथील बालकृष्णाची मूर्ती विजयनगरला आणून इ. स. १५१५ मध्ये नव्या मंदिरात प्रतिष्ठापित केली. या कृतींमागे राजकीय हेतू नव्हता, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो या उदाहरणांवरून काढल्या जाणाऱ्या सार्वत्रिक नियमाचा.

पुराव्याच्या वाचनाचा प्रश्न : कालप्रियाचे प्रांगण

अधिमान्यता सिद्धान्ताचा एक महत्त्वाचा दावा असा की, तुर्कांच्या आगमनापूर्वीही भारतीय राजे शत्रूची मंदिरे उद्ध्वस्त करीत होते, आणि नंतरच्या सुलतानांनी ही प्रचलित राजकीय रीत पुढे चालवली. या दाव्याच्या समर्थनार्थ ईटन यांनी दिलेले एक उदाहरण राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचे आहे. त्याने दहाव्या शतकाच्या प्रारंभी प्रतिहारांवरील स्वारीत यमुनेकाठचे कालप्रियाचे मंदिर नष्ट केले, असे ते सांगतात.

या विधानाचा आधार म्हणजे इंद्राचा पुत्र चौथा गोविंद याचा शके ८५२ (इ. स. ९३०) चा खंबायत ताम्रपट. या ताम्रपटातील श्लोकाचा आशय पाहिला असता त्यात मंदिर पाडल्याचा उल्लेख नाही. इंद्राच्या मदमस्त हत्तींच्या दंताघातांनी कालप्रियाचे प्रांगण विषम, म्हणजे खडबडीत झाले, एवढेच तेथे म्हटले आहे. त्यानंतर त्याच्या अश्वांनी यमुना ओलांडली आणि कनौज नगरी उद्ध्वस्त झाली, असा क्रम येतो. म्हणजे कवीला नाश सांगायचा होता तेथे तो त्याने स्पष्ट शब्दांत सांगितला आहे, आणि तो नगरीचा सांगितला आहे. प्रांगणाबाबतचे वर्णन सैन्याच्या मुक्कामाचे आणि गजदळाच्या विपुलतेचे असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. वा. वि. मिराशी यांनी हे कालप्रिय म्हणजे यमुनाकाठचे काल्पी असल्याचे प्रतिपादन केले. हे स्थाननिश्चितीकरण स्वीकारले तर यमुना ओलांडण्यापूर्वीच्या छावणीची जागा म्हणून हा उल्लेख अधिकच सुसंगत वाटतो.

एका श्लोकाच्या अर्थावर एवढा भर देण्याचे कारण पद्धतिशास्त्रीय आहे. फार्सी बखरकारांनी केलेली मंदिरविध्वंसाची वर्णने अतिशयोक्त असू शकतात, ती जशीच्या तशी स्वीकारू नयेत, असा सावधगिरीचा इशारा आधुनिक इतिहासकार देतात आणि तो योग्यच आहे. परंतु प्रशस्तीही तितक्याच अलंकृत असतात. एका प्रकारच्या साधनातील आलंकारिक उल्लेख ठोस घटना म्हणून वाचायचा आणि दुसऱ्या प्रकारच्या साधनातील स्पष्ट विधान अलंकार म्हणून बाजूला ठेवायचे, ही वाचनपद्धती टिकणारी नाही. याच नियमाने उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. फार्सी ग्रंथांतील प्रत्येक आकडा अक्षरशः खरा मानणारे लेखकही हाच दोष करतात. दोन्ही साधनांना एकच मापदंड लावणे, ही इतिहासकाराची किमान जबाबदारी आहे.

मूर्तिहरण आणि मंदिरविध्वंस यांतील भेदही याच संदर्भात महत्त्वाचा आहे. उदयगिरीची मूर्ती विजयनगरात पुन्हा पूजेत आली. तिचे स्थान आणि स्वामी बदलला, देवत्व बदलले नाही. मूर्ती भग्न करणे आणि मूर्ती आपल्या नगरात पूजणे या दोन्ही कृतींना ‘शत्रूच्या अधिमान्यतेवरील आघात’ हे एकच नाव देता येईल. पण त्या नावाने त्या दोहोंमधील फरक स्पष्ट होत नाही, उलट झाकला जातो.

चक्राकार युक्तिवाद

सिद्धान्ताची दुसरी अडचण तर्काची आहे. राजसत्तेशी निगडित मंदिरांवरच आघात झाले, असे म्हणायचे असेल तर कोणती मंदिरे राजसत्तेशी निगडित होती हे आघाताच्या घटनेपासून स्वतंत्रपणे ठरवता आले पाहिजे. अनेकदा घडते ते वेगळेच. एखाद्या मंदिरावर आघात झाला म्हणून ते राजकीयदृष्ट्या महत्त्वाचे होते असे गृहीत धरले जाते, आणि ते महत्त्वाचे होते म्हणून आघात झाला असे स्पष्टीकरण दिले जाते.

काशीच्या विश्वनाथ मंदिराचे उदाहरण बोलके आहे. इ. स. १६६९ मधील त्याच्या विध्वंसाचा संबंध ईटन स्थानिक जमीनदारांच्या बंडाशी जोडतात. साकी मुस्तैद खान याने औरंगजेबाच्या मृत्यूनंतर पूर्ण केलेल्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या ग्रंथात मात्र त्याच वर्षीच्या बादशाही हुकमामागचे कारण वेगळे दिले आहे. ठठ्ठा, मुलतान आणि विशेषतः बनारस येथील पाठशाळांत ब्राह्मण अध्यापन करीत असून मुसलमान विद्यार्थीही तेथे जात असल्याची वार्ता बादशहाच्या कानी आली, असे हा ग्रंथकार म्हणतो. हे कारण अंतिम मानावे असे नाही. दरबारी लेखक धन्याच्या धर्मनिष्ठेला उठाव देणारच. परंतु साधनाने दिलेल्या कारणाची दखल घेऊन ते का नाकारले, हे सांगितले पाहिजे. राजकीय कारण शोधणे आणि फक्त राजकीय कारणच शोधणे, यांत फरक आहे. आधुनिकपूर्व राज्यकर्त्याच्या लेखी धर्म आणि राज्य यांच्या सीमारेषा आजच्याइतक्या स्पष्ट नव्हत्या, हे मान्य केले तर ‘हेतू धार्मिक की राजकीय’ हा प्रश्नच मुळात सदोष ठरतो.

काश्मीरचा पुरावा

कल्हणाची ‘राजतरंगिणी’ (रचना इ. स. ११४८–११५०) या चर्चेत वारंवार उद्धृत केली जाते. काश्मीरचा राजा हर्ष (इ. स. १०८९–११०१) याने मंदिरांतील धातूच्या मूर्ती काढून घेण्यासाठी ‘देवोत्पाटननायक’ असे पद निर्माण करून त्यावर उदयराज नावाच्या अधिकाऱ्याची नेमणूक केली. राज्यात रणस्वामी, मार्तंड आणि दोन बुद्धमूर्ती एवढ्याच प्रमुख मूर्ती वाचल्या, असे कल्हण नोंदवतो. हिंदू राजेही मंदिरे लुटत, हे दाखवण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडते. पण ते अधिमान्यता सिद्धान्ताला पुष्टी देत नाही, हे लक्षात घेतले जात नाही. हर्षाने लुटलेली मंदिरे शत्रूची नव्हती, त्याच्याच राज्यातील होती. त्यांपैकी अनेक त्याच्या पूर्वसुरींनी स्थापन केलेली होती. कल्हणाच्या कथनात त्यामागची प्रेरणा म्हणून रिकामा खजिना आणि उधळ्या राजाची द्रव्यलालसा ठळकपणे पुढे येते. येथे मंदिर हे सार्वभौमत्वाचे प्रतीक म्हणून नव्हे, तर धातूचा आणि द्रव्याचा साठा म्हणून राजाच्या नजरेत आले.

त्याच ग्रंथातील ललितादित्याची कथा आणखी वेगळा अर्थ सुचवते. ललितादित्याने परिहासकेशवाला साक्षी आणि जामीन ठेवून गौड राजाला अभय दिले आणि नंतर त्याची हत्या घडवून आणली. धन्याच्या सूडासाठी गौड सेवक काश्मीरपर्यंत आले आणि त्यांनी ज्याच्या साक्षीने वचन मोडले गेले त्या देवाच्या मूर्तीवर हल्ला करण्याचा प्रयत्न केला. चुकीने त्यांनी रामस्वामीची मूर्ती परिहासकेशवाची समजून फोडली. कथेतील तपशील किती ऐतिहासिक, हा प्रश्न वेगळा. परंतु बाराव्या शतकातील एका काश्मिरी कवीला देव हा राजाच्या वचनाचा जामीन वाटत होता आणि राजाने वचन मोडल्यास देवालाही जाब विचारता येतो असे त्याच्या कथेतील सेवकांना वाटत होते, हे महत्त्वाचे आहे. कल्हण स्वतः या गौड वीरांच्या स्वामिनिष्ठेची प्रशंसा करतो. येथे मंदिर राजाला मान्यता मिळवून देत नाही, तर ते राजाला बांधून ठेवते.

राजाबाहेरचे मंदिर

अधिमान्यता सिद्धान्ताची सर्वांत मोठी मर्यादा अशी की, त्यात कर्ता एकच असतो आणि तो म्हणजे राजा. पुजारी, ग्रामसभा, व्यापारी, धनगर, देवदासी, शिल्पी हे सारे राजाच्या नाटकातील दुय्यम पात्रे बनतात. शिलालेखांचा पुरावा मात्र असा एकपात्री नाही.

राजराजेश्वरासारख्या निर्विवाद राजमंदिरातही राजाचा लेख स्वतःबरोबर वडील बहीण, राण्या आणि इतर दाते यांच्या दानांची नोंद करण्याची आज्ञा देतो. चोळमंडळातील निरनिराळ्या मंदिरांतून आणलेल्या चारशे देवदासींची नावे, त्यांची मूळ मंदिरे आणि त्यांना दिलेली घरे यांची नोंद भिंतीवर आहे. मंदिराचे द्रव्य गावांच्या सभांना साडेबारा टक्के व्याजाने दिले जाई. एका अखंड नंदादीपासाठी शहाण्णव मेंढ्या नेमून देऊन त्यांच्या तुपाचा पुरवठा धनगरांवर सोपवला जाई. हा पतपुरवठ्याचा आणि उत्पन्नाच्या पुनर्वाटपाचा व्यवहार होता. राजाच्या प्रतिमेला त्याचा लाभ झाला असेल, परंतु कर्ज घेणाऱ्या ग्रामसभेच्या दृष्टीने मंदिराचे महत्त्व प्रतिमेत नव्हते.

सिंथिया टॅलबट यांनी काकतीयकालीन आंध्रातील दानलेखांच्या अभ्यासातून (२००१) दात्यांमध्ये राजकुलाबाहेरील विविध सामाजिक गटांचा मोठा वाटा असल्याचे दाखवले आहे. अर्जुन अप्पादुराई आणि कॅरॉल ब्रेकनरिज यांनी त्याआधीच (१९७६) दक्षिणेतील मंदिराचे वर्णन मान आणि प्रसाद यांच्या पुनर्वाटपाची संस्था असे केले होते. या दृष्टीने राजा हा मंदिराचा मालक नसून अनेक सेवेकऱ्यांपैकी अग्रमानाचा सेवेकरी ठरतो.

पंढरपूरचा पुरावा येथे विशेष उद्बोधक आहे. ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ म्हणून परिचित असलेल्या लेखात (शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३–१२७७) विठ्ठल मंदिरासाठी अनेक भक्तांनी दिलेल्या लहानमोठ्या देणग्या नोंदल्या आहेत. त्याच लेखात यादव राजा रामचंद्र आणि त्याचा करणाधिप हेमाद्री यांचेही उल्लेख येतात. राजाचा उल्लेख पंढरीच्या फडाशी जोडून येतो. म्हणजे भक्तसमुदाय आधीच अस्तित्वात आहे आणि राजा त्यात मानाचे स्थान घेत आहे. यादव सत्ता चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपुष्टात आली, विठ्ठलाचा संप्रदाय मात्र विस्तारत गेला. याउलट तंजावरच्या राजराजेश्वर मंदिरात राजेंद्राने राजधानी गंगैकोंडचोळपुरम येथे हलवल्यानंतरच्या काळातील चोळ लेख विरळ होत जातात. ज्या मंदिराचा आधार केवळ राजा होता ते राजाची नजर वळताच मागे पडले. ज्याचा आधार समुदाय होता त्याने राजवंशाचा अंत पचवला. मंदिराकडून राजाला मान्यता मिळत असेल, तर ती मान्यता आधी मंदिराला कोणी दिली, हा प्रश्न अधिमान्यता सिद्धान्त विचारत नाही.

पुरीच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. तिसऱ्या अनंगभीमाने इ. स. १२३० च्या सुमारास राज्य पुरुषोत्तमाला अर्पण करून स्वतःला त्याचा प्रतिनिधी म्हणवून घेतले. कुल्के यांच्या सिद्धान्ताला हे उदाहरण पूर्ण अनुकूल आहे. परंतु इ. स. १५६८ मध्ये ओरिसाचे स्वतंत्र राज्य संपल्यानंतर खुर्द्याच्या तुलनेने दुर्बळ राजांनी जगन्नाथाच्या सेवेच्या आधारे आपले स्थान टिकवले. इ. स. १७५१ ते १८०३ या काळात ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असतानाही मंदिराचे सेवाविधी चालू राहिले आणि नव्या सत्तेला त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. सत्ता बदलत गेली, सत्तेला मान देणारे स्थान कायम राहिले.

प्रभास पाटण येथील इ. स. १२६४ चा संस्कृत–अरबी द्विभाषिक लेखही याच दिशेने निर्देश करतो. होर्मुझचा नौवित्तक नुरुद्दीन फिरोज याला मशिदीसाठी जमीन मिळाली त्या व्यवहारात स्थानिक शैव पुरोहित आणि नगरातील प्रतिष्ठित मंडळी सहभागी होती. महमूदाच्या स्वारीनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी सोमनाथाच्याच परिसरात झालेला हा व्यवहार कोणत्याही राजाच्या अधिमान्यतेने स्पष्ट होत नाही. तो व्यापाराच्या, नगरसंस्थेच्या आणि शेजाराच्या भाषेत स्पष्ट होतो. रोमिला थापर यांनी (२००४) सोमनाथाच्या इतिहासातील अशा अनेक स्वरांकडे लक्ष वेधले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

संकल्पनेच्या मुळाशी असलेला प्रश्न

शेल्डन पोलॉक यांनी (२००६) अधिमान्यता ही संकल्पना आधुनिक राज्यसंस्थेच्या अनुभवातून आलेली असून ती आधुनिकपूर्व समाजावर लादली जाते, असा आक्षेप घेतला आहे. ज्या समाजात राजपदाला पर्यायच कल्पिला जात नव्हता, तेथे राजाला मान्यता ‘मिळवण्याची’ गरज का भासावी, हा त्यांचा प्रश्न मूलगामी आहे. मात्र तो पूर्णतः स्वीकारता येत नाही. राजपदाला पर्याय नसला तरी विशिष्ट राजाला पर्याय नेहमीच होता. इ. स. १४३५ च्या सुमारास सत्ता हस्तगत करणाऱ्या कपिलेंद्राने पुरीच्या लेखांत आपल्या आज्ञेचा भंग हा जगन्नाथाचा द्रोह ठरवला, तो याच गरजेतून. तेव्हा संकल्पना टाकून देण्याऐवजी तिचे क्षेत्र मर्यादित करणे इष्ट ठरेल. नवा राजवंश, वादग्रस्त वारसा किंवा नव्याने जिंकलेला प्रदेश अशा प्रसंगी ती उपयुक्त आहे. मंदिराच्या दैनंदिन आणि दीर्घकालीन इतिहासाचे स्पष्टीकरण म्हणून ती अपुरी आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मंदिर आणि राजसत्ता यांचा संबंध घनिष्ठ होता, परंतु तो एकदिश नव्हता. राजाने मंदिराचा उपयोग केला, तसाच मंदिराशी निगडित समुदायांनी राजाचाही उपयोग केला.

२. प्रशस्ती, ताम्रपट, काव्य आणि फार्सी बखरी यांच्या वाचनासाठी एकच पद्धतिशास्त्रीय कसोटी वापरली पाहिजे. कालप्रियाच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे, सोयीचा पुरावा सैलपणे वाचल्यास योग्य हेतूने केलेली मांडणीही दुबळी होते.

३. मंदिरावरील आघातांमागे राजकीय वैर, द्रव्यलोभ, धार्मिक धारणा आणि सूड यांची मिश्रणे आढळतात. त्यांना एकाच कारणात बसवणारे धार्मिक स्पष्टीकरण जितके अपुरे आहे, तितकेच निखळ राजकीय स्पष्टीकरणही अपुरे आहे.

४. दानलेखांतील छोट्या दात्यांची नोंद हा मंदिरांच्या इतिहासाचा गाभा मानला पाहिजे. राजाचे नाव लेखाच्या प्रारंभी असते म्हणून ते स्पष्टीकरणाच्याही प्रारंभी असलेच पाहिजे, असे नाही.

मंदिरांचा इतिहास हा आज वर्गाबाहेरही तीव्र वादाचा विषय आहे. या वादातील परस्परविरोधी पक्षांचे एक गृहीतक समान असते : मंदिर म्हणजे राजाची, आणि पर्यायाने एका विजयी किंवा पराभूत समाजाची, निशाणी. विद्यार्थी हे गृहीतक घेऊनच वर्गात येतो. त्याच्यासमोर खंबायतचा श्लोक, हर्षाचा देवोत्पाटननायक आणि पंढरपूरच्या देणगीदारांची यादी एकत्र ठेवली, तर तयार उत्तराआधी पुरावा वाचण्याची सवय त्याला लागू शकेल. इतिहासाच्या अध्यापकाला या वादात यापेक्षा अधिक उपयुक्त हस्तक्षेप करता येणे कठीण आहे.